कुंभारणीचं घर

रेग्युलेटरला हळदीकुंकू वाहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच घरी, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर.

रविवार होता. मंदावहिनीनं दूध तापायला ठेवलं होतं. शेगडीची ज्योत एकदम वीतभर वर आली, पातेल्याच्या कडेपर्यंत गेली आणि पुन्हा खाली बसली. वहिनी पोटावर हात ठेवून मागं सरली.

"परवापासून असंच करतेय," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगणार होते, तर आई म्हणाल्या, वैजूला सांगू नको, उगाच पाना घेऊन बसेल."

मी चहाची बशी तशीच ठेवली आणि मागच्या दारानं बाहेर गेले. पाना घेऊन बसणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच होता. आयटीआयमधून फिटर होऊन मी गॅस कंपनीच्या एका कंत्राटदाराकडे लागले होते. घराघरांत पाइपानं गॅस आला होता, त्यांचे मीटर आणि रेग्युलेटर तपासायचे, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. दिवसाला वीस-पंचवीस घरं व्हायची. बाई आलेली बघून लोक आधी विचारायचे, "माणूस नाही का आला?" मी म्हणायची, "मी काय म्हैस आहे?" आणि सरळ आत जायची.

तर आमच्या रेग्युलेटरवर हळदीकुंकवाची बोटं होती. शेजारी मीटरवर एक जास्वंदीचं फूल. आणि रेग्युलेटरच्या वरच्या वाटीला जे भोक असतं, नेमकं त्याच्यावर बोराएवढा मातीचा गोळा बसला होता. गुळगुळीत, गोल, लहानशा मडक्यासारखा.

"हात लावू नको." आई माझ्यामागं कधी येऊन उभी राहिली मला कळलंही नव्हतं. "कुंभारणीनं घर केलंय."

कुंभारीण म्हणजे ती निळसर काळी, बारीक कमरेची माशी. ओली माती तोंडातून आणून भिंतीला, खिडकीला घरटं करते. लोक केरसुणीच्या टोकानं पाडून टाकतात. आमच्याकडे मात्र ते पाप. आम्ही जातीनं कुंभार. वडील कारखान्यात लागले आणि आम्ही आकुर्डीला आलो तरी आईचं माहेर भीमेकाठचं, तिथं तिच्या बापाचं चाक तिच्या लग्नापर्यंत फिरत होतं. आईच्या लेखी ती माशी म्हणजे माहेरची बाई. आपल्याच हातांची, आपलंच काम करणारी. ती ज्या घरात घर बांधते त्या घरात पाळणा हलतो आणि तिचं पोर आपल्या आपण भोक पाडून उडून गेलं की बाळंतीण सुखरूप सुटते, हे आईनं तिच्या आईकडून ऐकलेलं आणि आम्हाला शंभरदा ऐकवलेलं.

"आई, ते भोक बुजलंय," मी म्हटलं.

"बुजेना."

"बुजेना काय? आत रबराचा पडदा असतो, पुरीएवढा. गॅस जास्त आला की तो वर उचलला जातो आणि गॅस अडवतो. त्याला हलायला हवा लागते, ती या भोकातून आत-बाहेर करते. ते बुजलं की पडदा अडकतो. मग ज्योत अशी उडी मारते. उद्या कुणाचा पदर पेटला तर?"

"पंधरावीस दिवसांचा प्रश्न आहे. पोर उडून गेलं की तू खुशाल धू, पूस, काय करायचं ते कर."

"त्या माशीला दुसरी जागा मिळाली नाही?"

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "मीच माती ठेवली तिला."

मग मला दिसलं. नळाच्या बाजूला एका वाटीत ओली माती होती. काळीभोर, लोण्यासारखी मऊ. देवघरात आई माहेरच्या मातीचा एक गोळा फडक्यात बांधून ठेवायची, पोळ्याला त्याचे बैल करायची. तो गोळा फोडून, भिजवून, चाळून तिनं माशीसाठी ठेवला होता. साध्या चिखलाचं घरटं नखानं सुटतं. हे बोटानं दाबलं तर दगड लागला.

आणि दोष एकट्या आईचा नव्हता. त्या भोकावर बारीक जाळी असते. आमची जाळी गळून पडली होती आणि आज बसवते, उद्या बसवते म्हणून मी तीन महिने घालवले होते. दुनियेची घरं तपासत फिरणारी मी.

मी गॅसचा कॉक बंद केला आणि माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह काढला.

"मंदेला वास सोसत नाही त्याचा," आई म्हणाली.

"मग घरटं काढते."

आईनं स्टोव्ह पुसून पेटवला आणि त्यावर पोळ्यांचा तवा ठेवला.

आईचा जीव कशात अडकलाय ते सगळ्या घराला ठाऊक होतं. मंदावहिनीला पाचवा महिना लागायला आठ-दहा दिवस होते. याआधी तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं. तिसऱ्यांदा आईनं भर स्वयंपाकघरात सांगून टाकलं होतं, "आता पुढचं राहिलं नाही तर मी हिला हिच्या भावाकडं पोचवून येणार. माझ्या हरिदासचं वय चाललंय." आईच्या मावसबहिणीनं तर एक मुलगीही बघून ठेवली होती. दादा काही बोलला नव्हता. आमचा दादा घरात कधीच काही बोलत नाही. कामाची पहिली पाळी, दुसरी पाळी, जेवण, झोप. वहिनीनं त्या दिवशी भांडी घासली, पुसली, फळीवर लावली आणि मग न्हाणीत जाऊन रडली. आई वाईट बाई नव्हती. पण नातवंडाच्या बाबतीत तिच्या तोंडाला धरबंध नव्हता.

आणि या खेपेला तिसरा महिना पार पडला होता. घरटं दिसल्यापासून तर आई वहिनीला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती. सकाळी उठून आधी मागच्या दारी जायची, घरट्याकडं बघायची, मग वहिनीकडं बघायची आणि मग चूळ भरायची.

दुपारी मी आईला म्हटलं, "एक मार्ग आहे. मी नवा रेग्युलेटर आणते आणि हा घरट्यासकट काढून देते. तू तो खिडकीत ठेव, देवघरात ठेव, नाहीतर उशाला घे. तुझी कुंभारीणही सुखरूप आणि आमची शेगडीही."

आईनं माझ्याकडं असं बघितलं की लहानपणीसुद्धा तिनं कधी तसं बघितलं नसेल.

"जमेल तुला?"

"मला नाही जमणार तर कुणाला?"

"गुणाची गं माझी पोर," ती म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मी पाना धरणारी, उशिरा घरी येणारी, दोन स्थळांना तोंडावर नाही म्हणालेली मुलगी. गुणाची हा शब्द माझ्या वाट्याला फारसा आलेला नव्हता. मी तो ऐकला आणि उगाचच नळ घट्ट करत बसले.

रेग्युलेटर मिळवणं सोपं नव्हतं. एकेका नगावर नंबर असतो. आमचे सुपरवायझर इनामदार साहेब नियमाला काटेकोर, पण मनानं बरे. सोमवारी मी विषय काढला तर ते हसायलाच लागले.

"कारण काय लिहू? माशीची प्रसूती?"

"पडदा कडक झालाय असं लिहा ना साहेब. रबर आहे, होतं कडक."

"चार वर्षांत?"

"आमच्या घरात सगळंच कडक आहे."

त्यांनी मंगळवारी मला घरी पाठवलं, बुधवारी परत बोलावलं आणि शेवटी फडताळातून एक नवा नग काढून टेबलावर ठेवला. "काढलेला महिन्याच्या आत जमा करायचा. मातीसकट आणलास तरी चालेल." मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला. बुधवार, साडेअकरा वाजले होते. साहेबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टीही दिली. रस्ताभर मी पिशवी मांडीवर धरून बसले होते आणि मनात ठरवत होते की आधी कॉक बंद आहे ना बघायचं, मग खालची चकती ढिली करायची, मग वरची, आणि घरट्याला धक्का लागू न देता अलगद सोडवायचं.

त्याच सकाळी वहिनी तपासणीला गेली होती. खरं तर मी बरोबर जायची, पण रेग्युलेटरपायी ते राहिलं आणि ती एकटी गेली. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा ती आमच्या गेटबाहेर उभी होती, हातात दवाखान्याची पिशवी. तिनं मला खूण केली. आम्ही दोघी पाण्याच्या टाकीमागं गेलो आणि दहा मिनिटं बोललो. काय बोललो ते सांगणार आहे, पण जागेवर आल्यावर.

मग मी घरात गेले.

आईनं माझ्यासाठी तयारी करून ठेवली होती. मागच्या दारी पाट मांडला होता, त्यावर स्वच्छ फडकं अंथरलं होतं, घरट्यासकट रेग्युलेटर काढला की त्यावर ठेवायला. शेजारी हळदीकुंकवाची कोयरी. तिनं धुवट लुगडं नेसलं होतं.

"आणलास?" तिनं विचारलं.

"नाही मिळाला," मी म्हटलं.

"मग उद्या आण."

"उद्याही नाही मिळायचा. आणि मिळाला तरी काय? हा सगळा खुळेपणा आहे." मी पिशवी भिंतीशी ठेवली आणि त्यातून स्क्रूड्रायव्हर काढला. "मी घराघरांत जाऊन लोकांना सांगायचं, भोक मोकळं ठेवा, आणि आमच्या घरी माशीची पूजा. साहेबांनी फोटो मागितला तर माझी नोकरी जाईल."

"वैजू."

"बाजूला हो आई."

ती बाजूला झाली नाही. दोन्ही हात पसरून रेग्युलेटरपुढं उभी राहिली. सत्तावन्न वर्षांची बाई, माझ्या खांद्याएवढी. मी तिचा दंड धरून तिला बाजूला केलं. जोरात धरला असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिच्या दंडावर माझी बोटं दिसत होती.

घरटं एका फटक्यात निघालं नाही. त्या मातीत आईच्या माहेरचं सगळं कौशल्य होतं. तीनदा टोचावं लागलं. तिसऱ्यांदा कवच फुटलं आणि आतून दोन-तीन हिरव्या अळ्या पडल्या, त्या माशीनं पिल्लाच्या खाण्यासाठी आणून ठेवलेल्या असतात. आणि त्यांच्यामागून पांढरं, तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू. ते फडक्यावर पडलं, आईनं अंथरलेल्या. जरासं हललं.

मी भोक साफ केलं, फुंकर मारली, कॉक उघडला आणि आत जाऊन शेगडी पेटवली. ज्योत निळी, सरळ, जागच्या जागी.

"बघ," मी म्हटलं. "झालं ठीक."

आई खाली बसली आणि मातीचे तुकडे एकेक वेचून पदरात घेऊ लागली. वहिनी दारात उभी होती, चौकटीला धरून. आईनं वर बघितलं ते माझ्याकडं नाही, तिच्याकडं.

"तू आत जा मंदे," ती म्हणाली. "तू नको बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं. मुलगा होता म्हणे.

आई दवाखान्याच्या जिन्यात बसली होती. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले. तिनं कप घेतला नाही.

"तू मारलंस," ती म्हणाली. अगदी हळू, बाकावरच्या माणसांना ऐकू जाऊ नये इतकं हळू. "त्या माहेरवाशिणीचं घर फोडलंस. पोरीच्या पोटातलं गेलं. तिचा बिचारीचा काय दोष? या वेळी देवानं दिलं होतं, तू घेतलंस."

"आई, असं नसतं."

"तुझ्या हातचं पाणी मला वर्ज्य. मी मेल्यावरही माझ्या तोंडात पाणी घालायला येऊ नको."

मी चहा जिन्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि निघून आले. पंधरा दिवसांत चिखलीला खोली भाड्यानं घेतली. दादा सामान पोचवायला आला होता. ट्रंक ठेवून तो उगाच पंख्याकडं बघत उभा राहिला. दवाखान्यातल्या कागदांवर सह्या त्यानंच केल्या होत्या. आदल्या दिवसाचा रिपोर्ट त्याच कागदांत होता, तारखेसकट, आणि दादाला वाचता येतं. "काही लागलं तर सांग," एवढंच म्हणाला आणि गेला. तेव्हाही बोलला नाही, पुढंही नाही. त्याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं.

आता टाकीमागची दहा मिनिटं सांगते.

वहिनी टाकीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा कोरडा होता. "ठोका नाही, वैजूताई," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी दोनदा बघितलं. म्हणाल्या, दोन-तीन दिवस झाले असतील. उद्या सकाळी भरती व्हायला सांगितलंय."

माझ्या पिशवीत नवा रेग्युलेटर होता.

"आईंना कसं सांगू?" ती म्हणाली. "त्या सकाळपासून पाट मांडून बसल्यात. घरटं शाबूत आहे आणि माझ्यातच राहत नाही, असंच झालं ना मग? चौथ्यांदा. कुंभारणीचं राहिलं आणि माझं गेलं. आता कुणाकडं बोट दाखवणार? मी आजच जाते भावाकडं. त्यांनी पोचवायची वाट कशाला बघू?"

ती खरंच जायला निघाली होती. मला तिच्या डोळ्यांत दिसलं की ही बाई भावाकडंसुद्धा पोचणार नाही. वाटेत रेल्वेचं फाटक होतं.

मला सुचलं ते तेव्हाच. फार विचार केला असं मी म्हणणार नाही. माझा स्वभावच तसा, हात आधी चालतो.

"घरटं शाबूत नसेल तर?" मी म्हटलं.

तिला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "नको, वैजूताई. त्या तुम्हाला जन्मभर माफ करायच्या नाहीत."

"मी तिची पोटची आहे. मला काय, चार दिवस रागावेल. तू आज काही सांगायचं नाही. उद्या दुखतंय म्हणायचं. आणि आयुष्यात कधी तोंड उघडायचं नाही."

"असं नको."

"तू गप्प बस. डोळे पूस आणि माझ्या मागून पाच मिनिटांनी ये."

चार दिवस रागावेल असं मला खरंच वाटलं होतं. आईची माया मी चार दिवसांत मोजली, ती माझी चूक.

पण दुसऱ्या बाजूनं जे हवं होतं ते झालं. आई वहिनीला पुन्हा कधी टोचून बोलली नाही. तिनं तिला डिंकाचे लाडू करून घातले, तिचं डोकं चोळून दिलं. मावसबहीण मुलीचं स्थळ घेऊन आली तर आईनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "माझ्या सुनेत काही कमी नाही," म्हणाली, "घात माझ्या पोरीनं केला." तीन वर्षांनी दादा-वहिनींनी संस्थेतून मुलगी आणली, ईश्वरी. आईनं तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. हे सगळं मला वहिनी सांगायची, बाजारात भेटून. दर वेळी शेवटी म्हणायची, "आता सांगून टाकू का?" दर वेळी मी नाही म्हणायची. सांगितलं तर आईला दोन दुःखं झाली असती; एक नातवाचं आणि एक माझ्याशी वागल्याचं. आणि खरं सांगायचं तर वहिनीच्या घरातल्या जागेचं मला तेव्हाही भय वाटत होतं. दिवाळीला मी फराळाचा डबा गेटवर ठेवून यायची. तो ईश्वरी खायची. आई नाही.

तो नवा रेग्युलेटर मी त्याच आठवड्यात इनामदार साहेबांना परत केला. "काय गं, उडाली का माशी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक जास्तीचा नग कायम असतो. लिहून घेते, सही करते, पण ठेवते. का, ते कुणी विचारलं नाही.

चौदा वर्षं अशी गेली. मागच्या चैत्रात वहिनीचा फोन आला.

"वैजूताई, येऊन जा. शेगडी पुन्हा उड्या मारतेय. आणि आई कुणाला मागच्या दारी फिरकू देत नाहीत. ह्यांना काठी मारली त्यांनी काल."

आईचं डोकं वर्षभरात कामातून गेलं होतं. ईश्वरीला ती कधी वैजू म्हणायची, कधी तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. मी कामावरूनच गेले, निळ्या गणवेशात, पिशवी खांद्याला. दुपारचे दोन वाजले होते. चौदा वर्षांनी त्या घरात पाय ठेवला. वहिनीचे केस पांढरे झाले होते.

आई मागच्या दारी खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर काठी. हातांच्या नुसत्या काड्या. नखांत काळी माती.

रेग्युलेटरवर हळदीकुंकवाची बोटं होती. जाळी उचकटून काढलेली आणि भोकावर बोराएवढा मातीचा गोळा. या खेपेला माशी कुठंच नव्हती. त्यावर अंगठ्याची रेष स्पष्ट दिसत होती. कुंभाराच्या लेकीनं आपल्या हातानं घडवलेलं घरटं होतं ते, चांगलं गोल, तोंड केलेलं, काठ वळवलेलं.

आईनं मला गणवेशापासून पायापर्यंत निरखलं. मी थांबले. मला वाटलं, आता काठी उचलेल.

"गॅसच्या बाई ना तुम्ही?" ती म्हणाली.

"हो."

"बाई, पाया पडते, याला हात लावू नका. माझ्या सुनेला दिवस गेलेत. तीन गेले, हे चौथं आहे. एवढं पोर उडून जाऊ द्या, मग काय ते करा."

"नाही लावत."

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मला जवळ बोलावलं. "आणि एक करा. माझी मुलगी तुमच्यातच आहे कामाला, गॅसमध्ये. वैजयंता नाव आहे. तिला कळू देऊ नका. ती येते आणि फोडते."

वहिनी दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. "आता तरी सांगते," ती कशीबशी म्हणाली. "आई, ऐका, त्या दिवशी..."

"राहू दे वहिनी," मी म्हटलं. "आता कुणाला सांगणार?"

मी आईपुढं उकिडवी बसले. "नाही सांगत तुमच्या मुलीला. पण एक मार्ग आहे. मी नवा रेग्युलेटर लावते आणि हा घरट्यासकट तुमच्याजवळ देते. चालेल?"

आईनं मांडीवरची काठी खाली ठेवली.

"जमेल तुम्हाला?"

"जमेल."

कॉक बंद केला. पिशवीतून नवा नग काढला. खालची चकती ढिली केली, मग वरची. गंजली होती, वेळ लागला. घरट्याला धक्का लागू नये म्हणून तळहात खाली धरून रेग्युलेटर अलगद सोडवला. वहिनीनं तेवढ्यात आतून पाट आणून मांडला होता, त्यावर स्वच्छ फडकं. पण आईनं दोन्ही हात पुढं केले, म्हणून मी तो तिच्या मांडीवरच ठेवला. तिनं त्यावर पदर घातला.

मग मी नवा बसवला, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत हे दोनदा पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून दोनदा.

वहिनीनं पाण्याचा तांब्या आणला. मी पेला भरला आणि कसा धीर झाला कोण जाणे, आधी आईपुढं धरला. तिनं घेतला. घोट घोट करून सगळं पाणी प्यायली आणि पेला माझ्या हातात परत दिला.

"गुणाची गं पोर," ती म्हणाली. तिचा ओला हात माझ्या गालावर आला. "आई आहे का तुला?"

"आहे."

"तिला सांग, म्हणावं, तुझी लेक गुणाची आहे."

"सांगते," मी म्हटलं, आणि पाने गोळा करून पिशवीत भरू लागले.